खालचा आवाज

लमझिरा बाईंनी माझं व्हायोलिन कपाटात ठेवलं,
किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली
आणि म्हणाल्या, "मार्चपर्यंत हे बंद.
बोटं तयार आहेत तुझी. बाकीची तू कुठे आहेस?"

ओझुर्गेतीतला डिसेंबर. संगीतशाळेचे रेडिएटर गार.
मी एकोणीस वर्षांची, बातुमीच्या स्पर्धेत दुसरी आलेली,
रागानं इतकी भरलेली
की जिना उतरताना पायऱ्यांचाही ताल चुकला.

आधी गुरामकडे धाडलं, पियानो लावणाऱ्या.
त्याची हत्यारांची पेटी उचलायची,
पियानोच्या पोटातली उंदरांची घरटी काढायची,
आणि ऐकायचं.
"दोन तारा जवळजवळ जुळल्या ना,
की मधेच एक थरथर उठते.
जुळत जातील तशी मंदावते. ऐक."
सहा दिवस मला काहीच ऐकू आलं नाही.
सातव्या दिवशी, चोखातौरीच्या शाळेत, आली,
आणि मग थांबेचना:
फ्रीजच्या घरघरीत, लांबच्या ट्रकमध्ये,
आईबाबांच्या भांडणात सुद्धा.
(जवळजवळ जुळलेली दोघं. म्हणून तर.)

शनिवारी निनेलीच्या नाचाच्या वर्गाला साथ.
माझा पियानो म्हणजे ओढ्यातले दगडधोंडे,
पण तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.
एवढंच म्हणाली, "उडी मारलेली मुलगी
खाली यायला वेळ घेते. तिला येऊ दे."
त्यानंतर मी पट्ट्यांकडे बघणं सोडलं,
टाचांकडे बघायला लागले.

आणि गुरुवारी रात्री
डोंगरातल्या दारेजानच्या स्वयंपाकघरात.
दारेजान टपाल कचेरीत शिक्के मारायची,
तिची बहीण वेनेरा मेंढ्या राखायची,
आणि तिसरी, त्सिउरी,
बारीला गेलेली, इटलीत,
कुणा परक्या म्हाताऱ्याला भरवायला, पुसायला.
तिची खुर्ची रिकामी. खालचा आवाज रिकामा.
"बस तिथे," दारेजान म्हणाली,
जणू पोत्यावर बसायला सांगतेय.

मी स्वर घेतला, थोडा हलवला,
व्हायोलिनवर हलवायचे तसा, मखमली.
दारेजाननं टेबलावर तळवा ठेवला. सगळं थांबलं.
"सजवू नकोस गं. उभा कर."

किती आठवडे नुसता उभा करत होते!
वरच्या दोघी चाल घेऊन हिंडायच्या,
माझ्या वाट्याला चार स्वर, त्यातला एक उसना.
पण मी बोटभर सरकले
की त्या दोघींचं अख्खं छप्पर कलायचं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसून
आयुष्यभर चालच वाजवली होती मी.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी
मिठाच्या वाडग्याला टेकवलेल्या फोनमधून
त्सिउरी ऐकत होती, मागे म्हाताऱ्याचा खोकला.
आम्ही तिघी शेवटच्या स्वरावर आलो
आणि गुरामची ती थरथर मंदावली, मंदावली,
गेली.
रिकामा पेला आपोआप गुणगुणला.
कुणीच काही बोललं नाही.
मग फोनमधून: "थोडी घाई करते पोरगी."
जरा थांबून: "असू दे. बसू दे तिला माझ्या खुर्चीत."

पुढे माझ्या शिफारसपत्रात
मला अष्टपैलू म्हटलं गेलं.
मी मोजून पाहिले. साडेतीन भरतात,
त्यातला अर्धा मेंढ्यांच्या वासाचा.

मार्चची एक तारीख मी विसरले.
चार दिवस उशिरा गेले किल्ली मागायला.
बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, कॅलेंडरकडेही नाही.
बोटं गंजलेली होती, एक तार उतरलेली.
आधी शांतपणे ती लावली. मग वाजवलं.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"दुसऱ्या ओळीत कुणीतरी उडी मारली,
आणि तू ती खाली टेकेपर्यंत थांबलीस.
कोण होती ती?"